पामचा शेंडा, भुंगा आणि पिवळी पानं : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

कृष्णाकाठ (सांगली)
विश्रामबागेत एका बंगल्यापुढं बॉटल पामची अख्खी रांग शेंड्यातून छाटलेली दिसली, का तर तारांना लागतात. लहानपणी गल्लीत उभी असलेली तसलीच बोडकी खोडं आठवली आणि धागा काढावासाच वाटला.

आंबा, वड छाटला की खालून फुटतो. बॉटल पामला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात देठांच्या गाभ्याला. तो गेला की झाड गेलं. खोड काही महिने हिरवं दिसतं एवढंच. नर्सरीत बॉटल पाम म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो, साठ फुटांच्याही वर जाणारा. तारांखाली तो लावूच नये, तिथं अरेका किंवा रॅपिस हे कमी उंचीचे पाम लावा. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा, किती आणि कधी ते सांगून.

द्राक्षबाग_तासगाव
नवीन पान उघडलं की कात्रीनं तिरकं कापल्यागत दिसतंय का? गेंड्या भुंगा. देठाच्या बेचक्यात भोक असतंय आणि त्यातनं चावलेला ओला भुसा बाहेर आलेला असतोय. वाकडं टोक केलेली तार आत घालून भुंगा ओढून काढायचा. मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड १ भाग, वाळू २ भाग, असं मिळून झाडाला १५० ग्रॅम भरायचं. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आणि पाऊस सरल्यावर परत.

पण मूळ असतंय शेणखताच्या खड्ड्यात. पांढऱ्या जाड अळ्या तिथंच वाढतात. खड्डा उलथापालथ करा, अळ्या वेचून मारा आणि मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) मिसळा. नुसतं झाडावर औषध मारत बसलात तर भुंगे येतच राहणार.

वाईची_बाग
अगदी बरोबर दादा. लाल सोंड्या भुंगा त्याहून वाईट, तो जखमेच्या वासावर येतो. म्हणून हिरवी पानं कापू नयेत, खोडात खिळे ठोकू नयेत. दिवाळीच्या माळा लावायला खिळे ठोकतात ते बघून जीव कळवळतो. पामच्या खोडाची जखम भरून येत नाही, भोक कायमचं राहतं.
शिंदीसारख्या पामचं पान कापायचीच वेळ आली तर देठ तीन-चार फूट ठेवून कापा. खोडातून तपकिरी चिकट रस आला आणि कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज आला तर समजा अळी आत आहे.

माणदेशी
इकडं पाऊसच नाही, भुंगा कुठला 🙂 आमच्याकडं शिंदी झकास येते. बाकी पामला ठिबक लागतंच.

चुनखडी_मिरज
पिवळेपणावर लिहितो, कारण पान पिवळं दिसलं की लोक सरळ युरिया टाकतात.

आधी बघा, पिवळं पान जुनं आहे की नवं. जुन्या पानावर नारिंगी-पिवळे ठिपके आणि टोकाकडून करपणं म्हणजे पोटॅश कमी. जुन्याच पानाच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मधे हिरवं म्हणजे मॅग्नेशियम कमी. नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. नवं पान आखूड, चुरगळलेलं आणि करपलेलं येत असेल तर मँगनीज.

पोटॅश कमी असताना युरिया दिला तर झाड जोमानं पानं काढतं आणि कमतरता आणखी वाढते. लॉनमधले पाम याच कारणानं खराब दिसतात. आठ-दहा फुटी झाडाला दर तीन महिन्यांनी सल्फेट ऑफ पोटॅश १०० ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम, सोबत घमेलंभर कुजलेलं शेणखत. खोडापासून फूटभर लांब पसरून पाणी द्या. आपल्याकडं जमिनी खारवट, म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाळतो, त्यात क्लोराइड असतं.

आणि ती ठिपक्यांची जुनी पानं कापू नका! झाड त्यातूनच पोटॅश ओढून नव्या पानाला देतं. कापलीत की वरचं पान पिवळं पडायला लागतं. जुनं पान परत हिरवं होत नाही, सुधारणा नव्या पानात बघायची.

द्राक्षबाग_तासगाव
लोहाच्या खतातला ईडीटीए प्रकार चालत नाही की ओ आपल्या चुनखडीत. जमिनीतनं द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं.

चुनखडी_मिरज
हो, तेच. आणि लोह देण्याआधी रोप खोल लावलंय का ते बघा. मुळांना हवा नसली तरी नवं पान असंच फिकट येतं.

मलकापूर_रोड (कराड)
लावणीचं लिहितो, ऊस तोडणी चालू आहे, घाईत आहे. आंध्रातून येणारी रोपं लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. गोळा फुटू द्यायचा नाही, पण बाहेरची माती हातानं खरवडून सैल करायची. नाहीतर काळ्या मातीत पाणी गोळ्याच्या बाहेरूनच निघून जातं आणि आत मुळ्या कोरड्या राहतात. खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद. खोल मात्र गोळ्याइतकाच, रोप पिशवीत होतं त्याच पातळीला. भारी काळ्या जमिनीत मुरूम मिसळून फूट-दीड फूट उंचवटा करायचा. वर उसाचं पाचट (वाळका पाला) ३-४ इंच, खोडापासून वीतभर सोडून, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटत नाहीत.

अंगणातली_तुळस
पाचट कुणाकडं मिळेल का सातारा शहरात? पोतं-दोन पोती हवीत.

मलकापूर_रोड (कराड)
ताई, तोडणी झालेल्या फडावर विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
पुराचं राहिलं. २०१९ किंवा २०२१ सारखं पाणी अंगणात आलं तर ओसरल्याबरोबर बुंध्याभोवतीचा गाळ काढून जमीन पहिल्या पातळीला आणायची. लहान झाड बुडालं असेल तर शेंडा स्वच्छ पाण्यानं धुवून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घेऊन ओतायचं. मग सुई, म्हणजे मधलं न उघडलेलं पान, हलकं ओढून बघत राहा. हातात आलं आणि कुजका वास आला तर कोंबकूज. कुजलेलं सगळं धारदार चाकूनं काढा, निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत. त्यावर बोर्डो पेस्ट लावा आणि पाऊस लागू नये म्हणून मडकं पालथं घाला. कोंब जिवंत असेल तर नवी सुई वर येते.

अंगणातली_तुळस
पेस्ट कशी करायची? माझा अरेका कुंडीत आहे, त्याला नको ना?

द्राक्षबाग_तासगाव
मोरचूद १०० ग्रॅम अर्ध्या लिटरात, कळीचा चुना १०० ग्रॅम अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं. मग एकत्र करायचं. लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना अजून घाला. त्याच दिवशी वापरा. कुंडीतल्या निरोगी अरेकाला कशाला!

वाईची_बाग
तुळसताई, अरेकाची टोकं करपत असतील तर ते बोअरच्या क्षाराचं पाणी. महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी ओतून खालून वाहू द्या. पानांच्या पाठीमागं बारीक जाळी दिसली तर कोळी ही बारीक कीड, निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारा. सावलीतलं झाड एकदम उन्हात नेऊ नका.

कोयनाकाठ
भेरली माड कुणी लावलाय का? आपला सह्याद्रीतलाच पाम आहे. फुलोरा वरून सुरू होऊन खाली खाली येतो आणि शेवटचा घोस पिकला की झाड मरतं. रोगानं नव्हे, त्याचं आयुष्यच तसं. घराला टेकून लावू नका, आणि फळाला उघडा हात लावू नका, भयंकर खाज सुटते.

अंगणातली_तुळस
माझ्या सायकसची नवी पानं दर वेळी कुणीतरी खाऊन टाकतं 😔

कोयनाकाठ
अरेरे. सायकस पाम नव्हे, पण उत्तर देतो. छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्या असतात त्या. पानांचा नवा झुपका उलगडायला लागला की पानं कडक होईपर्यंत रोज सकाळी पाण्याच्या जोरानं धुवा. घरात कुत्रं असेल तर बिया वेचून टाका, विषारी आहेत.

अंगणातली_तुळस
कुत्रं आहे! आजच वेचते. पाचटही मिळालं, उद्या संध्याकाळी आणतेय.