पॅरिसमध्ये जिराँदिस्तांच्या आठवणीची कोणती जागा पाहावी?

नर्मदातीर: कार्यालयाच्या कामासाठी पॅरिसला जात असून परतण्यापूर्वी एक दिवस मोकळा आहे. राजा नको आणि पॅरिसच्या जमावाची हुकमतही नको, असे म्हणणाऱ्या, फ्रेंच राज्यक्रांतीतील मवाळ जिराँदिस्त गटाविषयी मला मनापासून आस्था आहे. प्रवास व तिकिटे धरून ३० युरोंच्या आत त्यांच्याशी निगडित काय पाहता येईल, ते जाणकारांनी कृपया सुचवावे.

करवीरकर: सरळ बोर्दो शहर गाठा. गटाचे नेते व्हेर्निओ, ग्वादे आणि जाँसोने हे तिथल्याच जिरोंद प्रांताचे प्रतिनिधी होते आणि गटाचे नावही तिथूनच आले. वेगवान रेल्वेने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तिथल्या जिराँदिस्त स्मारकाच्या कारंज्यांतील ब्राँझचे घोडे १९४३ साली जर्मन ताब्याच्या काळात उतरवले गेले होते, ते १९८३ मध्ये परत बसवले. आम्ही सहकुटुंब मुक्काम करून ग्वादेचे गाव सेंत-एमिलियोंही पाहिले; अशा वेळी पैशांकडे पाहू नये.

पोथीशाळा: स्मारक भव्य आहे, परंतु त्यावर व्हेर्निओचा काय, कुठल्याच जिराँदिस्ताचा पुतळा नाही, त्यामुळे माझी निराशा झाली. त्यापेक्षा पॅरिसमधलाच काँसिएर्जरीचा तुरुंग पाहा. ३० ऑक्टोबर १७९३ रोजी मृत्युदंडाची शिक्षा ऐकल्यावर जिराँदिस्त नेत्यांनी शेवटची रात्र तिथल्या प्रार्थनागृहात काढली, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांच्यापैकी वालाझेने न्यायालयातच स्वतःला भोसकून घेतले, तरी त्याचे प्रेत इतर वीस जणांसोबत गाडीत घालून गिलोटिनपाशी नेण्यात आले.

रोखठोक: जागा अवश्य पाहा, पण या मंडळींना मवाळ म्हणणे मला पटत नाही. एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सला ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात लोटण्यात जिराँदिस्त नेता ब्रिसो आणि त्याचे सहकारी आघाडीवर होते, आणि त्या युद्धाच्या धोक्याचा इशारा देत होता तो त्यांच्या विरोधी जॅकोबिन गटाचा रोबेस्पिएर.

करवीरकर: युद्धाचे मान्य. तरीही राजाच्या शिक्षेवर जनतेचा कौल घ्यावा, ही मागणी त्यांच्यापैकी अनेकांनी केली होती, आणि सप्टेंबर १७९२ मधील तुरुंगांतल्या कैद्यांच्या कत्तलींचा जाबही त्यांनीच मागितला.

रोखठोक: आणि तो कौल फेटाळला गेल्यावर व्हेर्निओने मृत्युदंडाच्याच बाजूने मत दिले. या गटात एकवाक्यता कधीच नव्हती. २ जून १७९३ रोजी नॅशनल गार्डने तोफांसह सभागृहाला वेढा घातला, तेव्हा या नेत्यांपाशी पॅरिसमध्ये पाठीशी उभे राहणारे कोणी नव्हते.

दूरदेशी: माझेही मत काँसिएर्जरीलाच. मी मार्गदर्शक घेऊन सगळे निवांत पाहिले होते. ८ नोव्हेंबर १७९३ रोजी याच गटातल्या मादाम रोलाँलाही तिथूनच वधस्तंभाकडे नेले. तिकीट आधी ऑनलाइन काढल्यास रांग टळते.

नर्मदातीर: सर्वांचे आभार. बराच विचार करून मी तत्त्वज्ञ कोंदोर्सेच्या मागावर जायचे ठरवले आहे. तो काटेकोर अर्थाने जिराँदिस्त नव्हता, पण फेब्रुवारी १७९३ मध्ये त्याने मांडलेला राज्यघटनेचा मसुदा याच विचारांच्या जवळचा होता, आणि जॅकोबिनांच्या घटनेवर उघड टीका केल्यामुळे त्याच्यावर अटकेचे फर्मान निघाले. सेंत-सुल्पीस चर्चजवळच्या सर्वांदोनी रस्त्यावरील ज्या घरात मादाम व्हेर्नेने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला लपवले आणि जिथे तो मानवी प्रगतीविषयी लिहीत राहिला, ते घर बाहेरून पाहीन. नंतर उपनगरी गाडीने बूर-ला-रेनला जाईन. लपण्याची जागा सोडल्यावर तो पकडला गेला आणि मार्च १७९४ मध्ये तिथल्याच कोठडीत मृतावस्थेत सापडला. खर्च गाडीभाड्यापुरताच येईल, त्यामुळे काँसिएर्जरी पुढच्या फेरीसाठी राखून ठेवतो.