मदत हवी आहे : चिकटवलेले प्लॅस्टिकचे रेल्वे डबे न मोडता उघडायचे आहेत

नमस्कार मंडळी,

माझ्या काकांकडे ओओ मापाचे, म्हणजे १:७६ प्रमाणातले, प्लॅस्टिकचे तीन मॉडेल डबे आहेत. किटमास्टर या ब्रिटिश कंपनीचं किट आणवून त्यांनी स्वतः जोडलेले. किट ब्रिटिश रेल्वेच्या मार्क वन डब्यांचं, पण पुण्याच्या माणसाने रंग दिला तो डेक्कन क्वीनचा: क्रीम, निळा आणि खिडक्यांच्या वर लाल पट्टा. सगळं ब्रशने. लाल पट्ट्याची कड डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही हललेली नाही.

आता आत पडझड झाली आहे. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या सुटून खाली पडल्यात, एका डब्यातली आसनांची रांग खडखडते, धूळ तर आहेच. हल्लीच्या तयार डब्यांना तळाशी खाचा असतात, बाजू जरा फाकवल्या की तळ निघतो. इथे दोन बाजू, दोन टोकं, तळ, छत सगळं वेगवेगळं आणि सगळं चिकटवलेलं.

किटमास्टरची किटं १९५९ ते १९६२ एवढीच निघाली, मग साचे एअरफिक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यामुळे तुकडा मोडला तर बदली मिळणं कठीण. पण माझी खरी काळजी रंगाची आहे. काकांनी ऐंशी ओलांडली, हात थरथरतो, ते पुन्हा हा पट्टा ओढू शकणार नाहीत. मला ओढता आला तरी तो त्यांचा असणार नाही. प्लॅस्टिकला थोडी इजा चालेल, रंगाला नको.

काकांच्या आठवणीप्रमाणे सांगाडा ट्यूबमधल्या पॉलिस्टायरीन सिमेंटने (पॉलिस्टायरीन म्हणजे या डब्यांचं प्लॅस्टिक) जोडला, आसनं फेव्हिकॉलने बसवली आणि पुढे कधीतरी एका डब्याचं छत सुटलं तेव्हा ते फेव्हिक्विकने लावलं. त्या डब्याच्या खिडक्यांवर छताजवळ पांढुरका थर आहे. तो फेव्हिक्विकच्या वाफेचाच असणार, म्हणजे त्यांची आठवण बरोबर आहे.

मला कळलंय ते असं. सिमेंट हा खरं तर गोंद नाहीच, ते दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवतं आणि कडा एकजीव होतात, त्यामुळे ते 'सोडवणारं' काही नसतं. फेव्हिक्विक ॲसिटोनमध्ये विरघळतं, पण पॉलिस्टायरीनही विरघळतं, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर दोन्ही बाद. फेव्हिकॉल कोमट पाण्याने मऊ पडतं. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल पॉलिस्टायरीनला सहसा खात नाही, पण जुन्या रंगाला? रंग एनॅमलचा आहे, ॲक्रिलिक नाही, एवढं काकांना नक्की आठवतं.

फेव्हिक्विकचा डबा फ्रीजरमध्ये ठेवावा असं ऐकलंय. कोणी केलंय का? आणि छताची फट उघडताना तिच्यावरून गेलेला रंग टवक्यांनी निघणार नाही, यासाठी काय करता?

प्रतिसाद

छत उघडूच नका. रंग बाजूंवर आणि छतावर आहे, तळाला फक्त काळा असेल, आणि तो पुन्हा देणं सोपं. खिडक्या आणि आसनं दोन्ही खालून हाताला लागतात. एवढ्या जुन्या किटांमध्ये तळ बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बसवलेला असतो आणि सिमेंट सलग नसतं, ठिपक्या-ठिपक्यांनी असतं. काकांना विचारून बघा.

कुठलीही फट उघडायची असो, आधी नव्या ब्लेडने त्या रेषेवरचा रंग कापून घ्या. जोर लावायचा नाही, तीन-चार हलके हात फिरवायचे. रंगाचा पापुद्रा दोन्ही बाजूंना सलग असतो म्हणून टवका उडतो. रेष कापली की तो तिथेच थांबतो. मग मोबाईल उघडायची प्लॅस्टिकची त्रिकोणी पट्टी घाला (बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल), धातूचा स्क्रू ड्रायव्हर नको. पट्टी जिथे अडेल तिथे सिमेंट आहे. तिथे पट्टीने उचकटू नका, तेवढाच ठिपका बारीक दातांच्या करवतीने कापा. साठ वर्षांचं पॉलिस्टायरीन ठिसूळ झालेलं असतं, ते वाकत नाही, सरळ तडकतं.

प्रतिसाद

फ्रीजरचा उपाय मी केलाय, फेव्हिक्विकला लागू पडतो. ते थंडीत आणखी ठिसूळ होतं. खेचून सुटत नाही, पण आडवा पीळ दिला की सुटतं. डबा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, काही तास ठेवा. पीळ गार असतानाच, पिशवीवरूनच द्या, पिशवी मात्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दव धरतं. सिमेंटच्या सांध्यावर याचा उपयोग नाही, उलट थंडीत प्लॅस्टिकही कडक होतं, म्हणून बेताने.

अल्कोहोलची परीक्षा आधी तळाच्या आतल्या कोपऱ्यात, कापसाच्या काडीने. जुनं एनॅमल बहुधा टिकतं, पण पारदर्शक भागांना लावू नका, त्यात बारीक तडे जाऊ शकतात. पांढुरक्या खिडक्या घासून फारशा सुधारत नाहीत. अप्पा बळवंत चौकातून ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) आणा आणि नव्या कापा. जुन्या टाकू नका, मापाला लागतील.

शिवाय कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून. तिथे एकदा डबे घेऊन जा. चालत्या मॉडेलांची देखभाल करणाऱ्यांची नजर वेगळी असते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खालून उघडायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. काकांना विचारलं, तळ शेवटीच बसवलाय आणि सिमेंट चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन्हीकडे एकेक ठिपका एवढंच लावलंय म्हणाले. खडखडणाऱ्या डब्यापासून सुरुवात करतो, फेव्हिक्विकवालं छत आहे तसंच राहू देतो. आसनं पुन्हा फेव्हिकॉलनेच लावीन, म्हणजे पुढच्या माणसाला ती सोडवता येतील.

एकच शंका उरली. बोगी (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) ज्या पिनांनी तळाला अडकवल्यात त्यांचं टोक तापवून चेपलेलं आहे. त्या आधी काढू का?

प्रतिसाद

काढू नका, चेपलेली पिन पुन्हा बसत नाही. बोगी तळासोबतच येऊ द्या. फक्त डबा उलटा ठेवाल तेव्हा छताखाली जाड फोम घ्या आणि त्यावर मऊ सुती कापड, म्हणजे करवत चालवताना लाल पट्टा कशालाही घासणार नाही. तळ निघाला की आतून फोटो टाका, आसनांचं बघू.