वर्षासनाचा दर सर्वांना एकच : हा न्याय आहे का?

परळकर (धागाकर्ता) : माझे थोरले बंधू गिरणीच्या साचेखात्यात पंचवीस वर्षे कापसाच्या धुळीत राबले. भरपाईच्या रकमेतून त्यांनी साठाव्या वर्षी, भांडवल परत न मिळणारे तहहयात वर्षासन (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर मिळणारे ठरावीक पेन्शन) घेतले आणि चौथ्याच वर्षी ते श्वासाच्या विकाराने गेले. उरलेली रक्कम अर्थातच कंपनीकडे राहिली. मृत्यूच्या विम्यात तंबाखू खाणाऱ्याकडून किंवा मधुमेह्याकडून जादा हप्ता घेतला जातो. मग दीर्घायुष्याच्या विम्यात त्याच माणसाला जादा पेन्शन का मिळू नये? ब्रिटनमध्ये आजारी व्यक्तींना असा वाढीव दर मिळतो.

पार्लेकर (निवृत्त, विमाक्षेत्र) : दादा, आपले दुःख मी जाणतो, तरीही मी असहमत आहे. लवकर जाणाऱ्याच्या रकमेतूनच पंच्याण्णव वर्षे जगणाऱ्याला पेन्शन मिळते. तो आधार काढला तर वर्षासन उरतच नाही. आजाऱ्यांना वेगळे काढून जास्त दिले, की मागे उरलेला गट सरासरीने अधिक जगणारा ठरतो आणि त्याचा दर खाली येतो. मुळातच वर्षासन घेतात ते बहुधा आपण पुष्कळ जगू असे वाटणारे, म्हणून तर आपल्याकडे त्यांच्यासाठी २०१२-१५ चा स्वतंत्र मृत्युदर तक्ता (कोणत्या वयात किती जण दगावतात याचा हिशेब) आहे. शिवाय जोखमीप्रमाणेच दर लावायचा, तर अधिक जगणाऱ्या स्त्रियांना कमी पेन्शन द्यावे लागेल. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी नेमका तोच भेद अमान्य केला.

मुलुंडची शिक्षिका : काका, स्त्री असणे आणि धुळीने फुफ्फुसे निकामी होणे यांना एका मापाने मोजू नका, दुसरी गोष्ट मजुरीने लादलेली आहे. आणि स्वेच्छेने घेणाऱ्यांविषयीचा आपला युक्तिवाद सक्तीच्या ठिकाणी टिकत नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनेत निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, जमा रक्कम फारच लहान नसेल तर, किमान ४० टक्के रक्कम वर्षासनात घालावीच लागते. तिथे धडधाकट आणि आजारी दोघेही येतात.

पार्लेकर : सक्तीचा मुद्दा मला मान्य आहे, ताई. पण दोन-तीन लाखांच्या खरेदीसाठी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी करायची, तर तो खर्च शेवटी पेन्शनमधूनच जाईल.

परळकर : प्रत्येकाची तपासणी कशाला? बंधूंच्या फुफ्फुसांचे कामगार विमा रुग्णालयातले आठ वर्षांचे केसपेपर घरात होते. अर्ज भरून घेताना ते कोणी मागितलेच नाहीत.