भागीदारी, मक्ता की ठेका? (शब्दचर्चा)

पांढरकवड्याचा_पोट्टा: ग्रामसभेत सौर कृषी वाहिनीसाठी (शेतीपंपाला दिवसा सौर वीज द्यायची योजना) ई-क्लासची जागा, म्हणजे गावची सरकारी गायरान, द्यायचा विषय होता, साहेब सारखं 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' म्हणत होते. मागं बसलेला एक बुढा उठला न् म्हणे, बापू हा त मक्ता झाला, भागीदारी कायची! बरोबर काय?

अकोटकडचा: बुढ्याचा मुद्दा पक्का आहे. आपल्याकडं वावर मक्त्यानं दिलं की रक्कम आधीच ठरते, पीक आलं काय न् बुडालं काय, मालकाला घेणंदेणं नाही. बटईत खर्च बी अर्धा, माल बी अर्धा, न् बोंडअळी आली त दोघंही बसले डोक्याला हात लावून. आता या योजनेत पाहा, खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं, त्यात दरसाल ३ टक्के वाढ, ग्रामपंचायतला ३ वर्षं ५-५ लाख. वीज किती निघाली याचा त्याशी संबंधच नाही, मंग गावापुरता हा मक्ताच.

साकोलीची_ताई: गावापुरता हो, पण कंपनी पैसा लावते, वीज महावितरण घेते, ते नातं वेगळं आहे ना. 'भागीदारी' त्या दोघांची, गाव फक्त जागा देणारं. खरी भागीदारी पाहायची असंल तर गाळमुक्त धरणवाली योजना बघा. आमच्याकडं मामा तलावातला (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळचा तलाव) गाळ काढताना मशीनचा खर्च सरकार नाहीतर संस्थेचा, वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा, तलाव खोल झाला न् धुऱ्यापर्यंत काळी माती बी आली. गंमत म्हणजे तिथं सरकार भागीदारी म्हणत नाही, 'लोकसहभाग' म्हणते 😀

पांढरकवड्याचा_पोट्टा: मंग टोलचा रोड? बांधा-वापरा-हस्तांतरित करा?

अकोटकडचा: त्यात रोड कंपनी बांधते न् टोलातून पैसा काढते, गाड्या कमी आल्या त कंपनीचं नुकसान, म्हणून जुने लोक जकातीसारखा 'नाक्याचा मक्ता' म्हणतात ते चुकीचं नाही, मक्तेदारानं रक्कम भरायची मंग वसुली त्याच्या नशिबाची. हायब्रीड ॲन्युइटी म्हणून रोड बांधायची दुसरी पद्धत आहे, तिच्यात उलटं, हायवेवाले (महामार्ग प्राधिकरण) खर्चाचे ४० टक्के बांधताना देतात, बाकीचे वर्षानुवर्ष हप्त्यानं, टोल कमी जमला तरी कंपनीचा हप्ता चालूच. हे सगळं एकाच 'भागीदारी'त कोंबलं म्हणून बुडीत कोणाच्या अंगावर ते कळत नाही. ठेका तेवढा साधा, काम करा बिल घ्या.

पांढरकवड्याचा_पोट्टा: मंग ठरावात मक्ता लिहू का?

साकोलीची_ताई: नको गा, कागदावर 'भाडेपट्टा' लिहा, मुदत न् भाडं त्याच ओळीत टाका. मक्ता बोलण्यात ठेवा.