मदत हवी आहे: फाइलझिला अपडेट केले, पण जुनी की-फाइल तशीच ठेवावी का?

नमस्कार मंडळी,

एका जिल्हा दैनिकाची संगणकाची बाजू अलीकडेच माझ्याकडे आली आहे. रात्री पाने लागली की पीडीएफ एसएफटीपीने (फाइली एन्क्रिप्ट करून पाठवायची पद्धत) छापखान्याच्या सर्व्हरवर जातात. डीटीपीच्या मशिनांवर त्यासाठी फाइलझिला हा प्रोग्राम आहे. पुरवणीची पाने विनएससीपी या तशाच दुसऱ्या प्रोग्रामची स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून आपोआप पाठवते. लॉगिन पासवर्डने नाही, की-फाइलने (गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, असलेली फाइल) होते, आणि तीच की-फाइल आमच्या वेबसाइटच्या आणि फोटो-संग्रहाच्या सर्व्हरवरही चालते.

प्रश्न सीव्हीई-२०२४-३१४९७ या क्रमांकाच्या सुरक्षा-त्रुटीबद्दल आहे. ही त्रुटी १५ एप्रिल २०२४ ला जाहीर झाली, तिच्यासोबतच पुटी या सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रामची दुरुस्त केलेली ०.८१ आवृत्ती आली. बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमान यांनी ती शोधली. फाइलझिला आणि विनएससीपी आतून पुटीचाच कोड वापरतात, त्यामुळे फाइलझिला ३.२४.१ ते ३.६६.५ आणि विनएससीपी ५.९.५ ते ६.३.२ यांतही तोच दोष होता. दुरुस्ती अनुक्रमे ३.६७.० आणि ६.३.३ मध्ये झाली. आमच्याकडच्या जुन्या आवृत्त्या मी सगळीकडे बदलल्या आहेत.

मला समजले ते असे. ५२१ बिटांच्या ईसीडीएसए या प्रकारच्या किल्लीने लॉगिन करताना दर वेळी एक डिजिटल सही होते आणि तिच्यासाठी एकदाच वापरायचा गुप्त आकडा लागतो. पुटी हा आकडा एसएचए-५१२ हे गणिती सूत्र वापरून काढत होते. त्यातून ५१२ बिटच मिळतात, हवे असतात ५२१. म्हणजे वरचे ९ बिट कायम शून्य. एवढ्या फटीवरून, साधारण ६० सह्या हाती असल्या तर, पूर्ण प्रायव्हेट की गणिताने काढता येते.

आता अडचण. ‘अपडेट झाले ना, मग विषय संपला,’ असे आमच्या व्यवस्थापनाचे म्हणणे. मला ते पटत नाही. आधीच झालेल्या सह्यांचे काय? फोटो-संग्रहाच्या सर्व्हरवर बातमीदारांनी जमवलेली कागदपत्रे आहेत, त्यांतल्या काहींवर माहिती देणाऱ्यांची नावे आहेत. लोकांनी आमच्यावर विश्वास टाकून ती दिली. तिथे कोणी शिरले तर नुकसान आमचे नाही, त्या माणसांचे होईल. दुसरीकडे, किल्ली बदलताना एक रात्र जरी पाने अडकली तरी अंकाची गाडी चुकते. छापखान्याचा सर्व्हर सांभाळणारे तर महिनाअखेरीआधी काही बदलायला तयार नाहीत.

की-फाइलला पासफ्रेज (फाइल उघडायचा पासवर्ड) आहे, तेवढ्याने भागेल का? आणि बदलायचीच असेल तर कोणत्या क्रमाने बदलू? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

तुमची शंका बरोबर आहे. अपडेटमुळे यापुढच्या सह्या नीट होतील, पण जुन्या सह्या ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून त्या परत घेता येत नाहीत. किल्ली बाद करणे हाच उपाय, आणि पुटीच्या कर्त्यांनीही तेच सांगितले आहे.

आधी खात्री करा. तुमची पीपीके फाइल (पुटीच्या पद्धतीची की-फाइल) नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत किल्लीचा प्रकार असतो. शेवटी ‘निस्टपी५२१’ असेल तरच ती या त्रुटीत येते. २५६ आणि ३८४ बिटांच्या ईसीडीएसए, तसेच आरएसए आणि ईडी२५५१९ या इतर प्रकारच्या किल्ल्या, यांना हात लावायची गरज नाही. सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी होस्ट की सुद्धा बदलू नका, तिचा याच्याशी संबंध नाही.

पासफ्रेज फक्त डिस्कवरच्या फाइलचे रक्षण करते. इथे फाइल चोरावीच लागत नाही, किल्ली सह्यांवरून निघते. एक दिलासा आहे: सही एन्क्रिप्ट झालेल्या जोडणीच्या आतून जाते, त्यामुळे वाटेत वायफाय ऐकणाऱ्याला ती दिसत नाही. ती दिसते ज्या सर्व्हरवर तुम्ही लॉगिन करता त्याला. म्हणून तुमच्याकडचा खरा धोका एकच किल्ली तीन ठिकाणी असणे हा आहे. छापखान्याच्या सर्व्हरवर कोणी आधीच बसला असेल, तर तिथल्या सह्यांवरून तो तुमच्या फोटो-संग्रहात शिरू शकतो. रोज एक लॉगिन धरले तरी दोन महिन्यांत ६० सह्या होतात. फाइलझिला तर एका वेळी अनेक फाइली पाठवताना वेगवेगळ्या जोडण्या उघडते आणि प्रत्येक जोडणीला नवी सही लागते.

धागाकर्ता

पाहिले, निस्टपी५२१ च आहे. म्हणजे बदलणे भाग आहे. डीटीपीच्या मशिनांवर पेजंट पण चालू असते, पासफ्रेज पुन्हा पुन्हा टाकावी लागू नये म्हणून. त्याचे काही करावे लागेल का?

प्रतिसाद

हो, आणि नेमके हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेजंट चालू असेल तर सही फाइलझिला करत नाही, पेजंट करते. फाइलझिला कितीही नवे असले तरी मागे जुने पेजंट असेल तर सही सदोषच होणार. ते पुटीच्या संचाबरोबर येते, तेव्हा ०.८१ किंवा त्यापुढचे टाका आणि जुने चालू असलेले बंद करून नवे सुरू करा. विनएससीपीच्या इन्स्टॉलरबरोबरही पेजंट आणि पुटीजेन (किल्ल्या बनवायचे साधन) येतात, ती जुनी प्रत कुठे राहिली नाही ना, तेही पाहा.

क्रमाचे म्हणाल तर आधी नवे चढवा, मग जुने उतरवा. पुटीजेनमध्ये ईडी२५५१९ किल्ली करा, आणि प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी. सर्व्हर फार जुना असेल आणि ईडी२५५१९ ओळखत नसेल (ओपनएसएसएच या सर्व्हरवरच्या लॉगिन-प्रोग्राममध्ये ती ६.५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे) तर ४०९६ बिटांची आरएसए चालेल. पब्लिक की (किल्लीचा सर्व्हरवर ठेवायचा भाग) घेताना ‘सेव्ह पब्लिक की’चे बटण दाबू नका, त्यातून निघणारी अनेक ओळींची फाइल ऑथराइज्ड-कीजमध्ये (कोणत्या किल्ल्यांना प्रवेश आहे ती सर्व्हरवरची यादी) चालत नाही. पुटीजेनच्या वरच्या चौकटीतली एका ओळीची मजकूरपट्टी उचला. नवी ओळ टाकल्यावर चालू असलेली जोडणी न तोडता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. दिवसा, चाचणीची एखादी पीडीएफ पाठवून. स्क्रिप्टमधला की-फाइलचा पत्ता बदलायला विसरू नका. सगळे जमले की जुनी ओळ काढा आणि जुन्या किल्लीने लॉगिन नाकारले जाते हेही डोळ्यांनी पाहा.

लॉग तेवढे ताबडतोब कुठेतरी उतरवून ठेवा. ओपनएसएसएचच्या लॉगमध्ये लॉगिन कोणत्या आयपीवरून आणि कोणत्या किल्लीच्या फिंगरप्रिंटने (किल्ली ओळखायची छोटी खूण) झाले ते सापडते. जुन्या किल्लीचे, पण तुमच्या कार्यालयाबाहेरचे आयपी शोधा. घुसखोरी दिसलीच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार.

धागाकर्ता

मनापासून आभार. वेबसाइट आणि फोटो-संग्रह, दोन्हीकडे नवी किल्ली लागली आणि जुनी निघाली. जुनी ओळ आणखी एका खात्यात, रूटच्या (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेले खाते) ऑथराइज्ड-कीजमध्येही होती, ती शोधल्यावरच सापडली. शिल्लक असलेल्या लॉगमध्ये अनोळखी आयपी नाही, पण लॉग फार मागचे नाहीत, म्हणून कागदपत्रांचा फोल्डर त्या सर्व्हरवरून हलवायला व्यवस्थापनाची परवानगी मिळवली आहे. आता प्रश्न छापखान्याचा. महिनाअखेरीपर्यंत तिथे जुनीच किल्ली राहणार.

प्रतिसाद

रूटचे सापडले हे फार बरे झाले. छापखान्याला किल्ली बदला म्हणू नका, एक ओळ बदला म्हणा. ऑथराइज्ड-कीजमध्ये तुमच्या किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा पर्याय लिहून त्यात तुमच्या कार्यालयाचा स्थिर आयपी घालता येतो. मग किल्ली कोणाच्या हाती लागली तरी बाहेरून ती लागणार नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही. फक्त तुमचा आयपी खरोखर स्थिर आहे का ते आधी इंटरनेट देणाऱ्यांकडून लेखी घ्या, आणि पाने बॅकअप लाइनवरून पाठवायची वेळ येत असेल तर तिचा आयपीही त्याच ओळीत घालून घ्या.