शॅकल्टन गल्लीतला वाघ? जरा थांबा

मेडनवाला:
परवा शेजारच्या धाग्यावर 'निवृत्त सलामीवीर' यांनी एका ओळीत निकाल लावला: "इंग्लंडचा गोलंदाज डेरेक शॅकल्टन म्हणजे गल्लीतला वाघ. कौंटीत (तिथल्या देशांतर्गत स्पर्धेत) पोत्याने बळी, कसोटीत ७ सामन्यांत १८, तेही ४२च्या सरासरीने." तिथे गप्प बसलो. पण झोप येईना.

२,८५७ प्रथम श्रेणी बळी, सरासरी १८.६५. महायुद्धानंतर कारकीर्द सुरू केलेल्या कुणालाही हा आकडा गाठता आलेला नाही. १९४९ ते १९६८, सलग वीस हंगाम शंभर बळी. शंभरीचे हंगाम याहून जास्त फक्त जुन्या जमान्यातल्या विल्फ्रेड ऱ्होड्सचे. आणि हा गडी हॅम्पशायर कौंटीला आला होता फलंदाज म्हणून! संघात सीमर (चेंडूच्या शिवणीवर, म्हणजे सीमवर, टाकणारे मध्यमगती गोलंदाज) नव्हते, म्हणून चेंडू हातात दिला. मग काय, छोटा रनअप, उभी सीम, दिवसभर तोच टप्पा. भांगसुद्धा विस्कटत नसे म्हणतात. १९५५ला वेस्टन-सुपर-मेअरला सॉमरसेट ३७ सर्वबाद, शॅकल्टनचे ४ धावांत ८. चार धावा, साहेब.

कसोटीचं म्हणाल, तर पुढे रांगेत इंग्लंडचेच गोलंदाज बेडसर, स्टॅथम, ट्रूमन, टायसन. अकरा वर्षं बाहेर ठेवून १९६३ला, ३८व्या वर्षी बोलावलं. लॉर्ड्सवर चार चेंडूंत तीन बळी घेऊन विंडीजचा डाव गुंडाळला. आता बोला.

निवृत्त सलामीवीर:
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. बोलतो. भारत-इंग्लंड कसोटी, दिल्ली, नोव्हेंबर १९५१. मर्चंट १५४, आपले सांगलीचे हजारे नाबाद १६४. गोलंदाजांत शॅकल्टन होता ना? कोटल्यावर (दिल्लीच्या त्याच मैदानावर) ऊन पडलं की जादू संपली. न झाकलेल्या ओल्या विकेटवर आठवड्याचे सहा दिवस खेळून दमलेले कौंटी फलंदाज बाद करणं ही नोकरी झाली, कला नव्हे.

चिखलातला चेंडू:
"ओल्या विकेटवर काय, कुणीही बळी घेतो" हे ज्याने ओल्या विकेटवर एक षटकही टाकलं नाही तोच म्हणतो. सहा मोसम कांगा लीग, म्हणजे मुंबईची भर पावसाळ्यातली स्पर्धा, खेळलोय. चेंडू साबणासारखा, पुढचा पाय रुततो, भुसा मुठीमुठीने ओता. माझा सर्वोत्तम दिवस: १४ षटकं, १ बळी, तोही घसरून स्वतःच्या स्टंपवर पडला म्हणून. दुसऱ्या टोकाने आमचे पन्नाशीचे बँकवाले काका सात घेऊन शांतपणे लोकल पकडायला गेले. विकेट दोघांना सारखीच ओली होती हो.

कठड्यावरचा:
सगळा दोष निवड समित्यांचा. आमचे मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर बघा. ५८९ बळी, कसोट्या शून्य. १९७२-७३ची रणजी फायनल, मद्रासला: १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. शॅकल्टनला निदान सात तरी मिळाल्या.

निवृत्त सलामीवीर:
आलाच शिवलकर! उद्या पाककृतीच्या धाग्यावरही येईल. समोर भारताचा डावखुरा फिरकीपटू बिशनसिंग बेदी होता. कुणाला काढणार होतात ते सांगा.

वऱ्हाडी गुगली:
मुंबईच्या बाहेर क्रिकेट असतं हे तुम्हाले कधी समजन? हरियाणाचा राजिंदर गोयल, तोही डावखुरा फिरकीपटू. रणजीत ६३७ बळी. १९७४ला बंगळूरला बेदीला शिक्षा म्हणून बसवलं, तरी गोयल बाहेरच! शिवलकरसाठी रडायला अख्खं शिवाजी पार्क, गोयलसाठी कोण?

कठड्यावरचा:
रडणं काढू नका. मी लहानपणी नेटमागे उभा राहून त्यांचे चेंडू बघितलेत. तुम्ही गोयलला टाकताना बघितलंय का कधी?

वऱ्हाडी गुगली:
नाही. आणि निवड समितीनंही बघितलं नाही, हेच तर म्हणतो मी.

मेडनवाला:
अहो, अवांतर पुरे! धागा शॅकल्टनचा आहे. १९६१ला हॅम्पशायरने पहिल्यांदा कौंटी अजिंक्यपद जिंकलं, त्यात बोर्नमथला डर्बीशायरविरुद्धच्या निर्णायक सामन्यात कुणी…

कठड्यावरचा:
धागाकर्ते, एक मिनिट. गुगली, ते शेवटचं वाक्य चांगलं होतं. बाकी पटलेलं नाही.

निवृत्त सलामीवीर:
बरं, चार धावांत आठ. मान्य. मी सॉमरसेटकडून खेळत असतो तर नववा झालो असतो, हेही मान्य, खूश? पण लॉर्ड्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. इंग्लंडच्या फलंदाजीच्या शेवटच्या षटकात विंडीजचा कर्णधार वॉरेल चेंडू हातात घेऊन धावला आणि शॅकल्टनच्या आधी स्टंपपाशी पोचला. धावबाद! मग प्लास्टरमधला हात घेऊन इंग्लंडच्या काउड्रीला मैदानात यावं लागलं. वॉरेल आणि शॅकल्टन, दोघेही १९२४च्या ऑगस्टचे. एकाला पळता आलं.

चिखलातला चेंडू:
त्या पंधरवड्यात दोघांनी किती षटकं टाकली होती, तेही टाका ना इथे.