एमएससाठी रक्तचाचणी यावी, पण आपल्या गल्लीबोळात नको?

खानापूरकर (धागाकर्ता)
धाकट्या बहिणीला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते. चोविसाव्या वर्षी उजवा डोळा अंधूक झाला, तेव्हा एका ठिकाणी चष्मा दिला. डोळा महिनाभरात आपोआप सुधारला, चष्मा तसाच राहिला. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले, मग बी-१२ची इंजेक्शनं. एमआरआय झाला तिसऱ्या वर्षी. तोवर आईच्या यल्लम्माच्या डोंगराला किती खेपा झाल्या ते विचारू नका.

म्हणून म्हणतो, या रोगाची रक्तातली खूण शोधायला लागेल तितका पैसा लावावा. माणूस खानापूरहून हलवायचा तर गाडी, सोबत दोघं आणि तिघांच्या रजा. रक्ताची नळी लाल बसच्या कंडक्टरकडंही देता येते. आणि या नुसत्या गप्पा नाहीत. मज्जातंतूला इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन रक्तात येतं. अमेरिकी लष्करानं साठवलेल्या रक्तात, पुढे एमएस झालेल्यांचं हे प्रथिन लक्षणांच्या साधारण सहा वर्षं आधीच चढलेलं सापडलंय.

लॅबवाला टिळकवाडी
दादा, बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. ते प्रथिन एमएसचं नाहीच, ते इजेचं आहे. अर्धांगवायूत चढतं, डोक्याला मार लागला तरी चढतं, साखरेनं नसा बिघडल्या तरी चढतं. मूत्रपिंड थकलं की चढतं, नुसत्या वयानंही चढतं. उलट जाड माणसात कमी दिसतं. लष्कराच्या अभ्यासात एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना होती. समोर बसलेल्या एका माणसाचा आकडा बघून काय सांगणार?

२०१२ सालचं आठवा. केआयआर ४.१ या मेंदूतल्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीनं त्याच्यावर सोडलेलं प्रथिन) एमएसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सापडली म्हणून केवढा गाजावाजा! पुढं इतर प्रयोगशाळांनी तपासलं, तर तसं काही निघेना.

खरी भीती वेगळीच. चौकाचौकात ‘फुल बॉडी पॅकेज’ विकतायत (मीही विकतो, खोटं कशाला बोलू). त्यात हे घुसलं की वडगावात मागावर बसून हाताला मुंग्या येणारी प्रत्येक बाई रिपोर्ट घेऊन रडत येईल.

निपाणीची मास्तरीण
लॅबवाले भाऊ, एकच बाजू सांगताय. माझ्या चुलत जावेला दोन वर्षं एमएस म्हणूनच औषध चालू होतं. शेवटी रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी सापडली. तिचा रोग एमएस नव्हताच, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका होता, म्हणजे डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा वेगळाच रोग. ही अँटिबॉडी २००४ मध्ये हाती लागली, त्याआधी दोन्ही रोगांची गल्लत नेहमीची. आणि एमएसची काही औषधं या रोगात उलटतात! तेव्हा ‘हा एमएस नव्हे’ एवढं जरी रक्तानं सांगितलं तरी एखादीचे डोळे वाचतात.

अथणीचा अण्णा
मूळ कारणाचं बोला की ओ. २०२२ मध्ये एक कोटीवर अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. एपस्टाइन-बार विषाणू लागल्यावर एमएसचा धोका ३२ पट! त्याचीच टेस्ट करून टाका की.

लॅबवाला टिळकवाडी
अण्णा, तो विषाणू शंभरातल्या नव्वदहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतो. तुमच्या माझ्याही असेल. टेस्ट करून काय करायचं ओ?

सीमावासी ८६५
टेस्ट येईल तेव्हा येईल, तिचं बिल कुठलं सरकार भरणार? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या आपल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेवढ्यावरून केवढा वाद पेटला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे. आधी ते प्रमाणपत्र काढताना होणारे हेलपाटे कमी करा.

निपाणीची मास्तरीण
प्रमाणपत्राचं शंभर टक्के खरं. सीमाप्रश्न मात्र दुसऱ्या धाग्यावर, नाहीतर इथं रात्र जाईल.

खानापूरकर
लॅबवाले, निदानाचं तुमचं मानतो. त्याला एमआरआय, आणि गरज पडली तर कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासणं, याला पर्याय नाही. पण पुढचं काय? औषध लागू पडलं की न्यूरोफिलामेंट उतरतं. तिथं साखरवाल्याशी तुलना नकोच, बहिणीचाच मागचा आकडा आणि तिचाच आजचा. एमआरआयच्या त्या बोगद्यात दर वेळी तिला घाम फुटतो.

लॅबवाला टिळकवाडी
हे निम्मं मान्य. पण पहिला आकडा दुखणं शांत असताना घ्यायला हवा आणि दर वेळी लॅब तीच हवी. साधं मशिन चालत नाही, इतकं बारीक मोजावं लागतं. तेव्हा नळी बसनं जाईल ती बेळगावला थांबणार नाही. आणि आकडा चढला पण एमआरआय स्वच्छ निघाला, तर औषध बदलायचं की नाही? रिपोर्ट छापून मी मोकळा, झोप तुमच्या घराची उडणार.

खानापूरकर
आत्ताच तिला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "रक्त घ्या कितीबी. आकडा चढला तर डॉक्टरांना सांगा, मला सांगू नका." आता ती माझ्या बाजूची की तुमच्या, मला कळेना.